तिखटातून फिरवलेला लोहचुंबक

कुसुम,

आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. तू मधेच उठून गेलीस. भांडणातून उठून जायची तुझी सवय तशी जुनीच. प्रयोगशाळेबाहेरच्या टपरीवर तर्री पोहे खाताना हरायची वेळ आली की तू अर्धी प्लेट तशीच ठेवायचीस, "चाल वं, साहेब बोंबलत असन" म्हणायचीस आणि रस्ता ओलांडून मोकळी व्हायचीस. पण दुसऱ्या दिवशी परत यायचीस आणि जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू करायचीस. त्याच भरवशावर मी दवाखान्यात तुझ्या उशाशी बसूनही तो विषय काढला नाही. आजारी माणसाशी काय भांडायचं, कावीळ उतरून घरी आली की बघू, असं म्हणत मी तुला मोसंबी सोलून देत राहिले आणि तू निमूटपणे खात राहिलीस. तू निमूटपणे काही करतेस हे बघूनच मला शंका यायला हवी होती.

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे आले होते. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, फोटोपुढे मेणबत्त्या. फोटोतला तुझा चष्मा नेहमीसारखा एका बाजूला उतरलेला. त्रिशरण-पंचशील झालं आणि तुमचे साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, कुसुमताई अत्यंत मितभाषी होत्या. मला एवढ्या माणसांत हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू. शेजारच्या बाईनं पाणी आणून दिलं. मितभाषी! साहेबांच्या खोलीत असशील. बाहेर आल्यावर व्हरांड्यात तू त्यांच्या खाकरण्याची जी नक्कल करायचीस ती त्यांनी एकदा ऐकली असती तर हा शब्द त्यांच्या तोंडी आला नसता. मी मनात म्हटलं, या माणसाला तू काडीची कळली नव्हतीस.

आणि त्याच दिवशी, सगळे गेल्यावर, मला असं काही कळलं की आता वाटतं, मला तरी कुठे कळली होतीस.

क्रमानं लिहिते. तुला माहीत आहे ते सगळं, पण मलाच एकदा ओळीनं लावून बघायचंय, कारण डोक्यात नुसता गुंता झालाय.

तू पहिल्यांदा माझ्या कॉलेजात आलीस तेव्हा मी तुला ओळखतही नव्हते. स्टाफरूमच्या दारात उभी राहून तू विचारलंस, "सांख्यिकीवाली मॅडम कोण?" हातात कापडी पिशवी, पिशवीत मिरच्या. मी हात वर केला. तू समोर बसलीस आणि नाव-गाव काही न सांगता म्हणालीस, "मले एक सांगा. आकड्यांवरून मिरचीचं गाव ओळखू येते का?" मला वाटलं, उन्हानं बाईचं डोकं फिरलंय. एप्रिल संपत आला होता, आणि नागपूरच्या एप्रिलात तसं होऊही शकतं.

मग तू समजावलंस. इतवारीच्या बाजारात ज्या पोत्यावर बघावं त्या पोत्यावर भिवापूर. भिवापुरी म्हटलं की गिऱ्हाईक भाव जास्त द्यायला तयार, म्हणून व्यापारी बाहेरची, आंध्रातली मिरची आणून त्याच नावानं खपवतात. भिवापूरच्या नावानं इतवारीत जेवढी मिरची विकली जाते तेवढी पिकवायची तर भिवापूरचं शिवार समुद्रापर्यंत न्यावं लागेल, असं तू म्हणालीस आणि स्वतःच हसलीस. तिकडच्या मिरचीवाल्या शेतकऱ्यांची संस्था तुमच्या सरकारी प्रयोगशाळेत विचारायला आली होती, की आमची कोणती आणि उपरी कोणती हे सांगायची एखादी परीक्षा आहे का. साहेबांनी ते काम तुझ्या गळ्यात घातलं. मिरचीला हात लावायला बाकी कोणी तयार नव्हतं, एवढीच तुझी पात्रता.

तुझी कल्पना साधी होती. रोप मातीतून जे घेतं ते फळात उतरतं. मिरची वाळवायची, कुटायची, जाळून राख करायची आणि राखेत काय काय किती आहे ते मोजायचं: पोटॅशियम, कॅल्शियम, मँगनीज, लोह आणि एकूण राख. प्रत्येक मिरचीचे पाच आकडे. ते तू काढणार. पाच आकड्यांवरून गाव ओळखायची युक्ती मी काढायची.

एकेका आकड्यावरून काही होत नव्हतं. भिवापूरच्या आणि आंध्राच्या मिरच्या कोणत्याही एका आकड्यावर एकमेकींत मिसळलेल्याच दिसायच्या. म्हणून मी तुला म्हटलं, पाचही आकडे एकत्र धरू. ज्या आकड्याला गावं ओळखायची जेवढी अक्कल आहे तेवढं त्याला वजन द्यायचं आणि बेरीज करायची. मग प्रत्येक मिरचीला एकच आकडा मिळतो, आणि मधे एक रेषा मारता येते. रेषेच्या अलीकडे आपल्या, पलीकडे बाहेरच्या. तू म्हणालीस, "म्हणजे स्थळं पाहतात तसं. शिक्षण, पगार, रंग, उंची, सारं जोडून टाकायचं." मी म्हटलं, हो, पण इथे मुलगी काळी म्हणून आकडा कमी होत नाही. "मंग चांगलं शास्त्र आहे बाप्पा तुमचं," असं म्हणून तू मिरच्यांची पिशवी माझ्याच टेबलावर विसरून गेलीस. आमच्या स्टाफरूमला आठवडाभर शिंका पुरल्या.

ती वजनं काढायला मी उन्हाळाभर कॉलेजातलं हँडल फिरवायचं कॅल्क्युलेटर यंत्र चालवलं. मनगट सुजलं. तू सोबतीला यायचीस, कूलरपुढे बसून आकडे वाचायचीस आणि मी हँडल मारायचे. मधेच एखादी मिरची जिभेवर ठेवायचीस. "ही आंध्राची. पाह्य, निघते का नाही." मी रागवायचे, की अगोदर सांगू नकोस, माझं मन बिघडतं. यंत्राला मन नाही न, मंग तुले काय होते, असं तू विचारायचीस.

आणि ज्या दिवशी मी ते सगळे आकडे आलेखाच्या कागदावर मांडले, भिवापूरला लाल शाई आणि आंध्राला निळी, त्या दिवशी तू टेबलावर चढून बसली होतीस. लाल एकीकडे, निळे दुसरीकडे. मधे इतकी स्वच्छ जागा की पट्टी ठेवायलाही विचार करावा लागला नाही. सगळ्यांत जास्त वजन लोहाला आलं होतं. भिवापूरच्या मिरच्यांत लोह भरपूर, बाहेरच्यांत बेताचं. मी तर भाषणच ठोकलं. माती बोलतेय, कुसुम, माती! तू चष्मा पुसत राहिलीस. तुझे डोळे भरले होते, आणि या वेळी मिरचीनं नव्हते. इतक्या वर्षांत तेवढा आनंद मला दुसऱ्या कशानं झालेला नाही, हे मी तुला कधी सांगितलं नाही. ते आता सांगते.

आता ते भांडण.

तुझ्या साहेबांना नवीन माणूस दिसला की "आपण मूळचे कुठले?" विचारायची खोड. मी एकदा तुझ्यासोबत त्यांच्या खोलीत होते. तुला तिथे लागून वर्षं झाली होती, तरी पाहुण्यांपुढे त्यांनी तुला विचारलंच.

"कुसुमताई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"नागपूरची."

"ते झालंच. पण मूळच्या?"

"मूळचीही नागपूरचीच, सर."

पाहुणे समजल्यासारखं हसले. बाहेर आल्यावर तू नेहमीची नक्कल केली नाहीस. संध्याकाळी इंदोऱ्याच्या मोहल्ल्यात तुझ्या घरी गेलो तेव्हा ती गोष्ट मीच रागारागानं तुझ्या आईला सांगितली. मावशी तांदूळ निवडत होत्या. छप्पन साली पांढरं लुगडं नेसून दीक्षाभूमीवर गेलेली बाई ती. मान वर न करता म्हणाल्या, "त्याले म्हणा, आमचं मूळ छप्पनचं. त्याच्या आधीचं आम्हाले काही आठवत नाही." आपण दोघी पोट धरून हसलो.

पण दुसऱ्या दिवशी टपरीवर तू म्हणालीस, "प्रभा, आपण त्या मिरचीले तेच विचारून राहिलो न वं? मूळची कुठली?"

मी म्हटलं, "मिरचीला वाईट वाटत नाही."

"तुले काय माहीत?"

"अगं, हे त्या मिरचीवाल्यांसाठी आहे. त्यांच्या मालाचं नाव दुसरा लुटतो. त्यांना पुरावा पाहिजे."

"ते बरोबर आहे," तू म्हणालीस. "पण विचारणं तेच आहे." आणि प्लेट ठेवून उठलीस.

त्यावर मी कितीतरी उत्तरं तयार केली होती. पुढे तू तो विषय काढलाच नाहीस, म्हणून ती तशीच राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आपला निबंध दिल्लीच्या परिषदेसाठी टाइप होऊन तयार झाला. दोघींची नावं, तुझं आधी. तो मान्य झाला तर मिरचीवाल्यांना त्यांची परीक्षा मिळणार होती आणि तुला वेगळा विभाग, स्वतःची खोली. मी प्रवासासाठी सुती साडी घेऊन ठेवली होती. आणि तू कॉलेजात आलीस, बसली नाहीस, उभ्या उभ्याच म्हणालीस, "निबंध मी परत घेतला."

मला वाटलं, गंमत करतेस.

"का गं?"

"राहू दे वं प्रभा."

"राहू दे म्हणजे? आकड्यांत चूक आहे का?"

"आकडे बरोबर आहेत."

"मग?"

"राहू दे म्हटलं न."

मी नको ते बोलले. उन्हाळाभर मनगट सुजवलं ते यासाठी का, असंही बोलले. तू ऐकून घेतलंस आणि गेलीस. पुढे बोलणं बंद झालं नाही, आपण टपरीवर भेटत राहिलो, तू माझ्या भावाच्या लग्नाला आलीस, मी तुझ्याकडे भीमजयंतीला जेवले. पण मिरचीचं नाव निघालं की दोघी कपाकडे बघायचो. दोन वर्षं हे असं चाललं. मी मनाशी धरून बसले होते की साहेबांशी काहीतरी झालं असावं, किंवा तो 'मूळची कुठली'वाला काटा तुझ्या मनात रुतला असावा आणि तुला ते कामच नकोसं झालं असावं. यावरच मी तुझ्याशी भांडणार होते. तुझ्या एका लहरीपायी त्या मिरचीवाल्यांचं काय, असं तोंडावर विचारणार होते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे गेले. मावशींनी मला हाताला धरून आत बसवलं. जेवायला वाढलं. वरण-भात, आणि वर त्यांच्या हातचं तिखट घातलेलं वांगं. मी म्हटलं, मावशी, हे तिखट खाल्लं की कुसुमचे प्रयोग आठवतात. त्या म्हणाल्या, "आठवनच की. तुमच्या प्रयोगाची भिवापूरची मिरची सारी मीच तर कुटली."

मी घास ताटात ठेवला.

"तुम्ही कुटली? कुठे?"

"कुठी म्हणजे? इथंच. खलबत्त्यात." त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्या दिवशी तू मिरची प्रयोगशाळेतच कुटायला घेतलीस. सगळ्या इमारतीला ठसका लागला, साहेब रुमाल धरून बाहेर आले आणि पुन्हा इथे हा प्रकार नको म्हणाले. मग तू ती घरी आणायला लागलीस. "रोज पुडी पुडी आणे. म्हणे आई, बारीक कुट, हे दिल्लीले जाणार आहे. मी साऱ्या मोहल्ल्यात सांगितलं, माह्या हातची मिरची दिल्लीले चालली म्हणून."

आणि आंध्राची?

"ते काही आली नाही बा घरी. तवापर्यंत हापिसात ते यंत्र आलं होतं न, चिनी मातीचं."

ते यंत्र मला ठाऊक होतं. झाकण लावलेली चिनी मातीची बरणी, आत चिनी मातीचेच गोटे, बरणी गोल फिरते आणि ठसका बाहेर येत नाही. मला वाटत होतं सगळी मिरची त्यातच दळली गेली. तू आकडे आणून द्यायचीस, मी हँडल मारायचे.

कुसुम, आता ऐक. मावशींचा खलबत्ता लोखंडाचा आहे, कुटताना त्याचा चुरा तिखटात उतरणारच. भिवापूरची मिरची लोखंडात कुटलेली, आंध्राची चिनी मातीत. आणि सगळ्यांत जास्त वजन कुणाला, तर लोहाला! मी माती बोलते म्हणून भाषण केलं होतं. माती कसली बोलते, खलबत्ता बोलत होता. माझ्या रेषेनं दोन गावं वेगळी केली नव्हती, दोन भांडी वेगळी केली होती.

मावशी आपल्याच नादात सांगत होत्या. "मंग एक दिवस लोहचुंबक घेऊन आली. पोरं खेळतात तसा, लाल. ताटलीत तिखट पसरलं अन् त्याच्यातून फिरवत बसली. उचलून चष्म्याजवळ नेला. मी म्हटलं, काय पाहून राहिली वं? तं म्हणे, काही नाही आई, तुहं काम पाहून राहिली. मंग चहा पेली. दुसऱ्या दिवशी नवा पाटा घेऊन आली. म्हणे खलबत्ता आता बंद, तुहे हात दुखतात, याच्यावर वाट."

म्हणजे तुला कळलं होतं. निबंध परत घेण्याआधी कळलं होतं.

घरी येऊन मी दोन दिवस काही केलं नाही. मग जुने आकडे काढले आणि कॉलेजात जाऊन ते हँडलचं यंत्र पुन्हा पुसून घेतलं. लोहाचा रकाना काढून टाकला. उरलेल्या चौघांवर पुन्हा सगळं केलं, एकटीनंच, आकडे मोठ्यानं वाचत. शिपाई दोनदा डोकावून गेला. तुझ्यावर इतका राग येत होता की मधेच हँडल तुटेल असं वाटलं.

रेषा राहिली, कुसुम. पहिल्यासारखी स्वच्छ नाही, पट्टी ठेवायला जागा शोधावी लागते, काही लाल निळ्यांत घुसल्या आणि काही निळ्या लालांत. पण राहिली. पोटॅशियम आणि मँगनीज दोघंच ती ओढून नेतात. भिवापूरची मिरची लोहाशिवायही बहुतेक ओळखू येते. माती थोडी तरी बोलत होतीच.

आता मला सांग. लोह काढून बघ, एवढंच मला म्हणायचं होतंस. एक रकाना! तू रसायनवाली, तुला हे सुचलं नसेल असं मी मरेपर्यंत मानणार नाही. मग का नाही म्हणालीस? मी यावर इतका विचार केला आहे की आता विचारच विचाराला खातोय.

एकदा वाटतं, आईसाठी. लोह काढलं तर का काढलं ते निबंधात लिहावं लागलं असतं. मी ते लिहिलंच असतं, आणि सविस्तर लिहिलं असतं, माझा स्वभाव तुला माहीत. 'काही नमुने घरगुती लोखंडी खलबत्त्यात कुटले गेल्यामुळे.' साहेबांनी ते वाक्य चष्म्यावरून वाचलं असतं. कुणाच्या घरी? कुणी कुटले? मूळची कुठली ती बाई? ते तुला नको असेल. आईनं ज्याची मोहल्लाभर फुशारकी मारली, तेच चूक म्हणून छापून यावं, हे तर मुळीच नको असेल.

मग वाटतं, हे सगळं मी गोड करून घेते आहे. तू माझ्यावर भरवसा ठेवला नाहीस, एवढंच. मी तोंडाळ आहे, रागात कुठेही काहीही बोलते, हे कळूनच तू गप्प बसलीस. असं वाटलं की मला तुझ्या फोटोकडे बघवत नाही. आणि कधी वाटतं, तुला एक निमित्तच पाहिजे होतं, मिरचीला मूळ विचारणं थांबवायचं. तेही पटतं आणि नंतर पटत नाही, कारण त्या मिरचीवाल्यांच्या संस्थेचं कोणी आलं की तू खुर्ची ओढून द्यायचीस आणि चहा सांगायचीस. त्यांना वाऱ्यावर सोडणारी तू नव्हतीस. मग कोण होतीस? माझ्याकडे तुझे पाच काय, पन्नास आकडे आहेत, आणि कोणत्याच बाजूला रेषा पडत नाही.

काल पुन्हा इंदोऱ्याला गेले. का गेले ते सांगता येत नाही. मावशींना एकटं वाटत असेल हे निमित्त होतं. त्या पाट्यावर मिरची वाटत होत्या, त्या तुझ्या नव्या पाट्यावर. दोन्ही हातांनी वरवंटा ओढताना धाप लागत होती. हात दुखतात म्हणून आणलेल्या पाट्यानंच त्यांचे खांदे गेलेत, हे तुला दिसलं नाही का गं? मी पदर खोचून वरवंटा घेतला. थोडं वाटलं. त्या भिंतीला टेकून बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या,

"प्रभाबाई, एक विचारू? खरं सांगशीन?"

"विचारा ना मावशी."

"माह्या कुटण्यात काही चुकलं होतं का?"

मी वरवंटा बाजूला ठेवला.

"लोहचुंबक फिरवला न तिनं, तवाच माह्या जिवात धस्स झालं. माह्या हातून तिचं काही बिघडलं असं वाटलं. त्याच्या मांगून तुमचं दिल्ली राहिलं. मी किती बार विचारलं, काय झालं वं कुसुम, तं म्हणे काही नाही आई, काही नाही. मोहल्ल्यातल्या बाया विचारत, मिरची गेली का दिल्लीले? मी काय सांगू? दोन साल झाले, मले हेच खाऊन राहिलं. जाता जाता तरी सांगनं होतं न तिनं."

कुसुम, म्हणजे तू जिला सांभाळायला गप्प राहिलीस, समजा तसंच असेल तर, तिला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. अर्धवट कळलं होतं, आणि अर्धवट कळलेलं ती दोन वर्षं एकटी घेऊन बसली. तू तिला सांगत नव्हतीस, ती मनातली भीती तुला बोलत नव्हती. मी टपरीवर कपात बघत होते. तिघी तीन ठिकाणी गप्प, आणि म्हणे मी तोंडाळ!

क्षणभर वाटलं, तुझंच पुढे चालवावं, काही नाही मावशी म्हणावं. शब्द ओठांवर आले होते. पण त्यांच्याकडे बघून मला ते जमलं नाही. माफ कर, किंवा नको करूस, माझं काय चुकलं ते मला नीटसं कळत नाहीये.

मी सगळं सांगितलं. राख, आकडे, रेषा, चिनी मातीची बरणी, खलबत्त्यातलं लोखंड. म्हटलं, "तुमच्या कुटण्यात काही चुकलं नाही मावशी. दोन्ही मिरच्या एकाच भांड्यात कुटायला पाहिजे होत्या. दोन्ही तुमच्या खलबत्त्यात कुटल्या असत्या तरी चाललं असतं. ते बघणं आमचं काम होतं."

"अन् माही मिरची?"

"लोह काढून परवा पुन्हा हिशेब केला. भिवापूरचीच निघाली."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

त्या चिडूनच म्हणाल्या, "मंग हे सांगाले काय झालं होतं तिले?"

"मले नाही माहीत, मावशी." त्यांच्यासमोर मीही तुमच्यासारखीच बोलायला लागते. "मी तेच शोधून राहिली."

"पागल होती," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसून उठल्या. खाटेखाली वाकल्या. गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी ओढून काढलं. खलबत्ता. आतून तेलाचा हात फिरवलेला, गंजाचा ठिपका नाही. बंद केलेली वस्तू त्या इतके दिवस तेल लावून ठेवत होत्या.

"मंग आता याच्यात कुटू न?"

मी म्हटलं, "कुटा."

मी पाटा उचलून भिंतीला लावला. त्यांनी खलबत्त्यात मूठभर मिरच्या टाकल्या, पदर नाकाला लावला आणि घाव घातला. पहिले दोन-तीन अडखळत, मग हाताला जुनी लय सापडली. मला ठसका लागला म्हणून मी निघाले. या सगळ्यातलं तुला काय आवडलं असतं आणि कशावर तू प्लेट ठेवून उठली असतीस, ते मला अजून कळलेलं नाही. पण कुसुम, मी रिक्षा मिळेपर्यंत गल्लीच्या तोंडाशी उभी होते, आणि तिथपर्यंत तुझ्या घरातला तो कुटण्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.